एअर फिल्टरशी खेळून अ‍ॅव्हरेज वाढवायला निघालात? या चुका टाळा

गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरलं की बहुतेकांचा पहिला हात एअर फिल्टरच्या डब्यावर जातो. डोक्यात गणित एकच असतं: हवा जास्त गेली की पेट्रोल कमी लागेल. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हे गणित उलटं चालतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आत आलेली हवा मोजतो आणि तिच्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. एक किलो शुद्ध पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोल भरतं साधारण 740 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे जवळपास 11 किलो, आकारमानात नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. एक्झॉस्ट पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण सतत तपासत असतो. हवा वाढवलीत तर पेट्रोलही वाढणार.

शिवाय हवेला खरी अडवणूक फिल्टरची नसतेच. ती करतो थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारा हवेचा पडदा, आणि तोही तुमच्याच पायाच्या हुकमाने. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना थ्रॉटलपुढच्या मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांमधला) दाब वातावरणाच्या निम्म्याच्या आसपास असतो. त्यापुढे फिल्टरमुळे पडणारा फरक नगण्य. फिल्टर मोकळा केला की तेवढ्याच वेगासाठी थ्रॉटल केसभर कमी उघडतो, हिशेब तिथेच मिटतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 साली मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून इंजेक्शनच्या गाड्या तपासल्या. पिकअप कमी झाला, अ‍ॅव्हरेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक पडला नाही.

कार्बोरेटरची गोष्ट वेगळी, आणि मिक्सर बसवलेल्या जुन्या सीएनजी किटचीही. तिथे फिल्टर तुंबला की व्हेंच्युरीतला, म्हणजे हवेच्या वाटेवरच्या अरुंद गळ्यातला, व्हॅक्यूम वाढतो आणि इंधन जास्त ओढलं जातं. जुन्या स्प्लेंडरवर किंवा जुन्या रिक्षावर फिल्टर बदलून खरंच फरक पडतो. वीस वर्षांपूर्वीचा तो अनुभव लोक आजच्या बीएस 6 गाडीला लावतात, गोंधळ तिथून सुरू होतो.

डबा काढून कोन फिल्टर लावणे

ही आमची सर्वात नावडती चूक, म्हणून तिला जागाही जास्त. कोन फिल्टर म्हणजे डब्याशिवाय उघडाच बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर, आणि तो विकला जातो आवाजावर. डब्यातला आवाज दाबणारा रेझोनेटर गेला की हवा ओढण्याचा घोगरा आवाज केबिनमध्ये येतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, गाडी पळायला लागली. तो आवाज ऐकायला पाय जास्त दाबला जातो, मग अ‍ॅव्हरेज कुठलं? त्यात कंपनीने डबा आणि पाइपची लांबी कमी आरपीएमवरच्या ओढीचा विचार करून ठरवलेली असते. ती बिघडली की शहरात गिअर वारंवार खाली टाकावा लागतो.

उसाच्या हंगामात गॅरेजला येणारी डिझेल हॅचबॅक साधारण अशी असते. 1.3 लिटर टर्बो इंजिन, दिवाळीच्या आसपास बसवलेला तेलाचा कॉटन कोन फिल्टर. पुढचे तीन-चार महिने ती कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे मुरमाची धूळ खाते. तक्रार घेऊन मालक येतो ती पिकअप गेल्याची. तोवर कुणीतरी इंजेक्टर टेस्टिंगला पाठवलेले असतात, टर्बोवर संशय घेतलेला असतो. खरा प्रकार असा: फिल्टर धुऊन मालकाने त्यावर बाटलीतलं तेल सढळ हाताने ओतलेलं असतं. जादा तेल हवेबरोबर पुढे जाऊन मास एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि सेन्सर हवा कमी दाखवायला लागतो. हवा कमी आहे असं समजून ईसीयू धूर होऊ नये म्हणून डिझेल रोखतो. गाडी ओढत नाही, मालक पाय आणखी दाबतो.

सेन्सरचं दुखणं शे-दोनशे मिलिलिटर क्लीनरने बरं होतं. धुळीचं होत नाही. अशा गाडीचा रबरी पाइप सोडवून आत बोट फिरवा, बोटाला कचकच लागते. ही धूळ म्हणजे बरीचशी वाळू, आणि वाळू रिंगा व सिलिंडर दोघांनाही घासते. टर्बोच्या कॉम्प्रेसर चाकाच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या दिसतात. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं की भकाभक वाफ येते, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून ऑइल टाकावं लागतं. इथवर आलेलं इंजिन बांधावंच लागतं. त्या बिलात किती वर्षांचं वाचवलेलं डिझेल बसेल, ते ज्याचं त्याने मोजावं.

गाडी एवढी पुढे गेलेली नसेल तर मूळ डबा परत बसवा, नवा कागदी फिल्टर टाका आणि सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या क्लीनरने साफ करा. आठ-दहा फवारे, कापड किंवा इअरबड लावायचा नाही, कार्बोरेटर क्लीनर तर अजिबात नाही. पूर्ण वाळल्यावरच जोडायचा. डबा फेकून दिला असेल तर भंगारात शोधा, पण मूळ मॉडेलचाच घ्या.

तरीही कॉटन फिल्टरचा हट्ट असेल तर निदान मूळ डब्यात बसणारा, मूळ मापाचा चपटा घ्या. तेल प्रत्येक घडीवर एकच बारीक रेघ, मग रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी पांढरे डाग दिसले तर तेवढ्याच जागी थेंब. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

जाता जाता गरम हवेबद्दल. काही जण मुद्दाम एक्झॉस्टजवळून पाइप आणून गरम हवा इंजिनाला पाजतात. त्यामागे तर्क आहे: हवा विरळ झाली की थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद वाचते. बर्फाळ देशात याचा थोडा उपयोग होतो. चंद्रपूर-जळगावच्या मे महिन्यात बाहेरचीच हवा पंचेचाळिशीला टेकलेली असते. तिला आणखी तापवलं की इंजिन नॉक करतं, म्हणजे मिश्रण वेळेआधी पेटून ठोके वाजतात, ईसीयू स्पार्क मागे घेतो, आणि जे वाचलं ते तिथे जातं.

फिल्टरला हवा मारणे

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये शंभर पीएसआयच्या वर दाब असतो. त्याची नळी कागदी फिल्टरला टेकवून हवा मारली की धूळ उडते, मालक खूश होतो आणि कागदाचे तंतू एकमेकांपासून सुटतात. भोक पडलं तर अंधारात आतून टॉर्च लावून दिसतं. सैल पडलेला कागद मात्र दिसत नाही. फिल्टर स्वच्छ दिसतो, धूळ आरपार जाते.

थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ जास्त चांगली अडवतो, कारण बसलेला थरच गाळणीचं काम करतो. म्हणून दर महिन्याला डबा उघडून बघणाऱ्यांची आम्हाला धास्ती वाटते. दर वेळी उघडताना डब्याच्या कडेची माती स्वच्छ बाजूला पडते. उघडायचाच असेल तर आधी डबा बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, फिल्टर उचलल्यावर पाइपच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा आणि बसवताना ते न विसरता काढा. फिल्टर हातावर हलकेच आपटून झटका. तेवढ्याने भागत नसेल तर नवा टाका, गाडीच्या एका टाकीपेक्षा तो स्वस्त असतो. गावात नवा मिळेपर्यंत हवा मारणं भागच असेल तर दाब तीस पीएसआयच्या आत, नळी वीतभर लांब, आणि हवा स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे.

मग क्लिपा. चारपैकी एक क्लिप नीट बसली नाही, किंवा फिल्टरची रबरी कड दुमडली, तर हवा त्या फटीतूनच जाणार, तिला कागदातून जायची हौस नसते. तुंबलेला फिल्टर पिकअप खातो, उघडी फट इंजिन खाते.

बाइकमधला तेलकट, तपकिरी कागदी फिल्टर धुवायचाही नसतो आणि त्याला हवाही मारायची नसते. पंधरा-सोळा हजार किलोमीटरला, म्हणजे मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेव्हा, सरळ बदलायचा. धुळीच्या रस्त्यावर त्याहून लवकर. जुन्या बाइकचा फोम मात्र धुता येतो: रॉकेलमध्ये बुडवून दाबायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा, 90 नंबरच्या गिअर ऑइलमध्ये भिजवून पुन्हा दाबून जादा तेल काढायचं. पेट्रोलमध्ये धुऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

डब्याला भोकं पाडणे: कार्बोरेटरच्या बाइकमध्ये मिश्रण पातळ होतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट वाजतं, प्लगचं टोक पांढरं पडतं, हेड तापतं. मग मेकॅनिक कार्बोरेटरमध्ये मोठा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) टाकतो, आणि अ‍ॅव्हरेज आधीपेक्षा खाली. यासाठी ड्रिल कशाला चालवायचं होतं?

ब्रीदरची नळी, म्हणजे इंजिनातली वाफ परत हवेच्या पाइपात नेणारी नळी, काढून टाकणे किंवा उघडी सोडणे: ज्या गाडीत हवा सेन्सरने मोजली जाते तिथे न मोजलेली हवा आत शिरते, आयडलिंग झुलतं. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू कायमचं किती जास्त पेट्रोल देतोय तो आकडा) अधिक दहा टक्क्यांच्या वर दिसला तर आधी या नळ्या बघा.

थंड हवेसाठी हवेच्या पाइपचं तोंड बंपरखाली नेणे. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात ही चूक सर्वात महाग पडते. 1.2 लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात, कॉम्प्रेशन दहाला एक धरलं तर, पिस्टन वर गेल्यावर जेमतेम 33 मिलिलिटर जागा उरते. त्याहून जास्त पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दबत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टोचन करून बाहेर काढा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच घेतलेलं नसेल तर साध्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही.

पाइपमध्ये बसवायचा पंखा, पेट्रोलच्या नळीवरचं चुंबक: पैसे वाया. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर साधनं तपासली, मोजक्याच साधनांनी किंचित फरक दाखवला.

मोजमापच चुकीचं

दहा लिटर टाकून काढलेलं अ‍ॅव्हरेज धरू नका. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत भरायची, पंप तोच, शक्यतो नोझलही तोच, टायरची हवा तीच, किमान चारशे किलोमीटर, आणि सलग तीन टाक्या. कटऑफ अर्ध्या लिटरने मागेपुढे झाला तरी 35 लिटरला दीड टक्का फरक पडतो, तेव्हा दोन-तीन टक्क्यांच्या वाढीचे पेढे वाटू नका. आणखी एक: इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. ई 20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यावर पडलेला फरक फिल्टरच्या माथी मारून लोक डबे उघडतात.

खरंच अ‍ॅव्हरेज गेलं असेल तर आधी चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा, ब्रेक धरतोय का ते. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं कूलंट अडवणारी झडप. गाडी तापते म्हणून तो काढून टाकणारे मेकॅनिक अजून भरपूर आहेत. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हायवेवर थंडच राहतं आणि ईसीयू जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. पंधरा-वीस मिनिटं हायवेवर चालवून स्कॅनर लावा. कूलंट ऐंशी अंशांच्या खाली दिसलं तर नवा थर्मोस्टॅट टाका आणि एअर फिल्टरचा डबा बंदच राहू द्या.