अमेरिकी साके गरम कशी करावी, आणि सोबत काय खावं

साके म्हणजे तांदळाची जपानी दारू. ती घेताना दुकानात लेबलावर ‘जुनमाई’ शोधा, असं जो तो सांगतो. अमेरिकेत बनलेल्या साकेसाठी हा सल्ला फुकट आहे. तांदूळ, पाणी, कोजी (भातावर वाढवलेली बुरशी) आणि यीस्ट एवढ्यावरच झालेली ती जुनमाई. वरून अल्कोहोल ओतलं तर इथे कर चढतो, म्हणून इथले कारखाने त्या वाटेला जातच नाहीत, म्हणजे इथली साके जुनमाईच. शोधायचा शब्द ‘गिंजो’. तो असेल, म्हणजे तांदळाचा निदान 40 टक्के भाग घासून काढलेला असेल, तर बाटली सरळ फ्रिजमध्ये. ओरेगनच्या ‘मोमोकावा’ ब्रँडमध्ये अशा पुष्कळ. निगोरी, म्हणजे जाडसर गाळलेली गढूळ साके, तीसुद्धा फ्रिजमध्येच.

गरम करायची ती साधी जुनमाई. मी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत बनणारी ‘शो चिकू बाई’ घेतो. स्वस्त आहे आणि कोमट झाली की पेजेसारखा वास सोडते.

या गरम करण्यात माझ्या किती बाटल्या वाया गेल्या! आधी मायक्रोवेव्ह: वरचा घोट जीभ भाजणारा, तळाचा गार. मग पातेल्यात, थेट गॅसवर. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पण वाफ कितीतरी आधी सुटते. घरभर स्पिरिटचा भपकारा आणि भांड्यात कडवट पाणी. बायकोने खिडक्या उघडल्या, पाहुण्यांनी बिअर मागितली.

आता पाणी उकळतो आणि गॅस बंद करतो. बंद म्हणजे बंद. ‘मंद आचेवर ठेवा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मिनिटभराने साकेचं भांडं त्यात सोडायचं, बाहेरचं पाणी आतल्या साकेच्या पातळीला आलं पाहिजे. तोक्कुरी, म्हणजे साकेची जपानी सुरई, नसेल तर आपलं स्टीलचं फुलपात्र चालतं, फक्त ते फार पटकन तापतं, नजर हलवू नका. काठोकाठ भरू नका, साके तापली की वर चढते. 45 अंशांना बाहेर. थर्मामीटर नसेल तर बुडाला बोट लावा: टेकवता यावं, पण टेकवून ठेवावंसं वाटू नये. एका वेळी दोघांपुरतीच करा. जास्त तापलेली साके निववून सुधारत नाही, मी करून पाहिलंय.

खायला काय? सुशीच हवी असं काही नाही. कोमट जुनमाईसोबत भाजलेली कोंबडी किंवा लोण्यात परतलेली मश्रूम घ्या. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाला भिडलं की तोंड हिवसतं, माशाचा उग्र वास भरतो. साकेला लोह जवळजवळ नसलेलंच पाणी लागतं, म्हणून रव्यात घोळून तळलेल्या बांगड्याबरोबर ती निर्धास्त प्या. बांगड्याचं तिखलं केलंत तर मात्र साके ठेवून द्या. तिच्यात वाइनइतका आंबटपणा नसतो, कोकमापुढे ती पाणचट लागते. तिखटजाळ रस्सा असेल तर थंड, गोडसर निगोरी.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आठवडा-दोन आठवडे राहते. त्यानंतर ती तिसऱ्या (शिंपले) वाफवायला काढा.