पोर्तुगालात परसबाग करताय? या चुका टाळा

पाऊस आणि ऊब एकत्र आली की पेरायचं, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. रोहिणी बरसल्या, मृग लागला की बी मातीत. पोर्तुगालात मात्र पाऊस आणि ऊब यांची गाठच पडत नाही. लिस्बनला वर्षाकाठी सातशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस होतो, पण तो जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एप्रिलमधला. जुलै कोरडा ठणठणीत. खाली दक्षिण किनाऱ्याच्या अल्गार्व्हला तर एकूण पाऊसच कमी. म्हणजे जमीन ओली असते तेव्हा गारठा, आणि ऊन तापतं तेव्हा धुरळा. इथे नव्याने भाजी लावणाऱ्या आपल्या मंडळींच्या बहुतेक तक्रारी फिरून फिरून याच मुद्द्यावर येतात.

उन्हाळ्यात कोथिंबीर, मेथी पेरणं

‘बोटभर वाढली नाही तोच तुरा आला’ ही तक्रार दर जूनला हमखास कानावर येते. बियाण्याला दोष देऊन उपयोग नाही. लांब दिवस आणि कडक ऊन मिळालं की कोथिंबीर फुलावर जाणारच. जूनमध्ये लिस्बनचा दिवस पावणेपंधरा तासांच्या आसपास असतो, मुंबईचा सव्वातेरा. पेरणी सप्टेंबरअखेर सुरू करा आणि मार्चपर्यंत दर तीन आठवड्यांनी मूठभर धणे रगडून टाकत राहा. मेथी, पालक, मुळा, शेपू, सगळं याच हंगामातलं. नोव्हेंबर-डिसेंबरात वाढ मंदावते, पण पाला इतका कोवळा आणि वासाचा येतो की पुण्याच्या मंडईची आठवण येऊ नये.

एक बरं आहे, कोथिंबीर इथे कुणाला परकी नाही. आलेंतेजू भागात शिळा पाव, लसूण, अंडं आणि भरपूर कोथिंबीर घातलेली ‘असोर्दा’ घरोघरी होते. त्यामुळे बाजारात जुडी मिळते आणि बीही मिळतं. उन्हाळ्यात पालेभाजीची हौस असेल तर राजगिरा, माठ लावा. त्यांना ऊन मानवतं, फक्त पाणी तोडू नका.

नाशिकचा कांदा आणि घरचे वाल

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण ही चूक डोळ्यांना दिसत नाही. झाड उत्तम वाढतं, पीक मात्र येत नाही.

कांद्याला गड्डा धरायची खूण दिवसाच्या लांबीवरून मिळते. आपल्याकडच्या जाती अकरा-बारा तासांच्या दिवसाला गड्डा धरतात. लिस्बनला मार्चअखेरीसच दिवस बारा तासांच्या पुढे गेलेला असतो. मग एप्रिलात लावलेल्या त्या रोपाला पात फुटायलाही वेळ मिळत नाही आणि जूनमध्ये हाती येतात लिंबाएवढे कांदे. उलट, इंग्लंड-हॉलंडच्या पाकिटांतल्या काही जातींना पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. तो लिस्बनला कधीच मिळत नाही, त्यामुळे त्यांची पात माजते आणि मान जाड राहते. मार्ग सरळ आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गावच्या बाजारात कांद्याच्या रोपांच्या जुड्या येतात. त्याला ‘सेबोलु’ म्हणतात. इथल्या दिवसाला सरावलेल्या जाती असतात त्या. जुडी आणा, संध्याकाळी लावा, जून-जुलैत काढा.

वाल, पावटा, तूर, अंबाडी यांचं दुखणं याच्या उलट आहे. त्यांच्या आपल्याकडच्या जुन्या जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. मे महिन्यात लावलेला वाल जुलै-ऑगस्टमध्ये मांडवभर पसरतो, शेजारी कौतुक करतात, आणि फूल धरतं ऑक्टोबरात. शेंग भरायच्या आत थंडी येते. खत वाढवून काही होत नाही. नत्र दिलंत तर पाला आणखी माजेल. अल्गार्व्हच्या किनाऱ्यावर, जिथे दंव जवळपास पडत नाही, तिथे थोड्याफार शेंगा हाती लागतात. आत आलेंतेजूत आशा सोडा.

बिरड्याची तलफ असेल तर ‘फावा’ लावा. टपोरी चपटी शेंग, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायची, एप्रिल-मेमध्ये तोडायची, पाणी पावसाचंच. कोवळे दाणे उकळत्या पाण्यातून काढून साल सोललं की आमसूल आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात झकास लागतात. वालाचा तो खास कडसरपणा येत नाही, हे मान्य. मार्चमध्ये शेंड्यांवर काळा मावा चिकटतो. खालच्या शेंगा धरल्या असतील तर शेंडेच खुडून टाका, फवारणीची गरज पडत नाही. मात्र घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर फावा त्याच्या पानात वाढू नका. अशा माणसांच्या तांबड्या पेशी या दाण्याने फुटतात आणि वेळ दवाखान्यावर येते. ही कमतरता आपल्याकडेही आढळते, आणि बऱ्याच जणांना ती स्वतःला आहे हे ठाऊकच नसतं.

एप्रिलच्या उन्हाला भुलून भेंडी लावणं

दुपारी बाही वर सारावीशी वाटते, आणि रात्री पारा दहाच्या खाली. माती गारच असते. अशा मातीत भेंडीचं बी कुजतं, किंवा उगवलंच तर दोन पानांवर महिनाभर रुसून बसतं. ‘एम अब्रील, आग्वश मील’, म्हणजे एप्रिलात हजार सरी, असं इथली जुनी माणसं म्हणतात ते उगीच नाही. भेंडी मेच्या मध्यावर, थेट वाफ्यातच पेरा. तिचं सोटमूळ दुखावलं की रोप सावरायला फार वेळ घेतं. पश्चिम किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टच्या दुपारी उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, ‘नोर्तादा’. तिथे वाफ्याच्या उत्तरेला ओढ्याकाठच्या ‘काना’ची, म्हणजे बांबूसारख्या दिसणाऱ्या वेताची, ताटी उभी करा. हेच वेत टोमॅटोला आणि घेवड्याला आधार म्हणूनही सगळे वापरतात.

टोमॅटोचं बूड काळं पडलं की अंड्याची टरफलं पुरणं

फळ उलटं करून पाहा. देठाच्या विरुद्ध टोकाला आधी पाणचट डाग, मग तो खोलगट होत काळ्या चामड्यासारखा. हा रोग नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नाही इतकंच, आणि पोचलं नाही कारण पाणी एक दिवस पूर, चार दिवस कोरडं, असं झालं. आमच्या सेतूबालच्या बाजूला, आराबिदाच्या डोंगराखाली, जमिनीत चुनखडीच चुनखडी आहे. तिथे टरफलांनी काय भर पडणार? रोज संध्याकाळी पाइपने वरवर शिंपडणं सोडा. आठवड्यातून दोन-तीनदा, पण मुळापाशी भरपूर. वर चार बोटं जाडीचा पेंढा अंथरा. पाणी द्यायचं की नाही हे पेंढा बाजूला सारून, मातीत बोट पेरभर खुपसून ठरवा. वरची माती कोरडी दिसली तरी खाली बहुधा ओल असते. पाण्याची चैन इथे नाही. २०२४च्या सुरुवातीला दुष्काळामुळे अल्गार्व्हमध्ये शेतीच्या पाण्यात २५ टक्के आणि शहरी पाण्यात १५ टक्के कपात ठरली होती.

पारा पस्तिशीपुढे गेला की टोमॅटोची फुलं गळतात. त्यावर औषध नाही. ऊन उतरलं की पुन्हा फळ धरतं, तोवर झाड जगवायचं.

पानांवर फिकट पापुद्र्यासारखे चट्टे दिसले तर पान उजेडाकडे धरा. चट्ट्याच्या आत काळी विष्ठा आणि बारीक हिरवट अळी दिसली तर ती टुटा. दक्षिण अमेरिकेतली ही कीड २००६च्या अखेरीस स्पेनमध्ये सापडली, २००९मध्ये पोर्तुगालात आणि २०१४मध्ये थेट आपल्या पुण्याकडच्या टोमॅटोवर. सुरुवातीलाच अशी पानं खुडून बंद पिशवीत घाला. कंपोस्टच्या ढिगावर टाकलीत तर कीड पोसल्यासारखंच. शेजारच्या शेतकऱ्याकडचं ‘जालीम’ औषध मागून आणू नका. व्यावसायिक कीटकनाशकं वापरायला इथे प्रशिक्षण घेऊन मिळालेलं कार्ड लागतं, आणि ते नियम परसालाही लागू आहेत. भुरीसाठी गंधक मिळतं, ते चालतं, पण तिशीपुढच्या तापमानात मारलं तर पानं करपतात.

दुधीला फळ का धरत नाही?

लांब दिवसांत वेल आधी नरफुलांचीच रांग लावतो. जुलैत ‘नुसती फुलंच येताहेत’ म्हणून वेल उपटणारे लोक आहेत. उपटू नका, ऑगस्टमध्ये मादीफुलं येतील. त्यांच्या देठाशी बोटाएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो, ओळखायला सोपं. दुधीची पांढरी फुलं दिवस मावळताना उमलतात, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. नरफूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतला पुंकेसर मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. दोडक्यालाही संध्याकाळीच हे करावं लागतं. कारल्याचं मात्र सकाळी उमलतं आणि माश्याच काम उरकतात.

कढीपत्त्याला पाणी पाजत बसणं

हिवाळ्यात तो पानं गाळतो. गाळू द्या. कुंडी आत आणा, पाणी जवळजवळ बंद करा. एप्रिल-मेमध्ये फुटवा येतो. थंडीत ओल्या मातीत ठेवलेलं झाडच मरतं. उन्हाळ्यात पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यात साधं हिराकस फुकट जातं, चिलेटेड लोह द्या आणि पावसाचं पाणी साठवून वापरा. शिवाय कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबूवर्गीयांवरचा आफ्रिकी सिला हा कीटक २०१४-१५च्या सुमारास स्पेनच्या गालिसियात आणि पोर्तू भागात आला, आणि तेव्हापासून बाधित भागातून अशा झाडांची ने-आण करण्यावर बंधनं आहेत. मैत्रिणीच्या अंगणातलं रोप गाडीत टाकून आणण्याआधी चौकशी करा. शक्यतो रोपवाटिकेतूनच, ‘वनस्पती पासपोर्ट’ म्हणजे झाड निरोगी असल्याची अधिकृत चिठ्ठी असलेलं घ्या.

बॅगेतून बी आणणं

आई पुरचुंडी बांधून देते, नाही म्हणवत नाही. पण १४ डिसेंबर २०१९पासून युरोपीय संघात बाहेरून झाडं, ताजी फळं-भाज्या आणि पेरणीचं बी आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना. भेंडीची ‘क्लेमसन स्पाइनलेस’ जात युरोपातल्या बियाणे कंपन्यांकडे सहज मिळते.

भलत्याच माणसाला विचारणं

पुण्याचे गच्चीबागेचे व्हिडिओ आणि इंग्लंडमधले बागकामाचे कार्यक्रम, दोन्ही इथे कुचकामाचे. एकात हवा वेगळी, दुसऱ्यात दिवस वेगळा. कुंपणापलीकडच्या आजीबाई काय लावताहेत ते पाहा. त्या ‘कोव्ह गालेगा’ ही कमरेएवढी वाढणारी कोबीची जात लावत असतील तर तुम्हीही लावा; खालची पानं खुडत राहिलं की महिनोन् महिने भाजी पुरते. त्यांनी फावाची पिशवी दिली तर ती रिकामी परत करू नये हे आपल्याला सांगायला नको. शेतकी सहकारी दुकानं दुपारी जेवणाला बंद होतात, आणि ऑगस्टमध्ये अर्धा गाव सुट्टीवर असतो, तेव्हा पेंढा आणि ठिबकचे तुकडे जुलैतच आणून ठेवा.

पालापाचोळा जाळणं

कोकणातल्या माणसाचा हात राब भाजायच्या सवयीने काडीकडे जातो. इथे हे अजिबात करू नका. जून २०१७मध्ये पेद्रोगाँव ग्रांदच्या वणव्यात ६६ माणसं गेली, त्यानंतर नियमांची अंमलबजावणी फार कडक झाली. ढीग जाळायचा तर हिवाळ्यातही आधी कळवावं लागतं, आगीच्या मोसमात परवानगी लागते, आणि धोक्याच्या दिवसांत ती मिळतच नाही. रानालगतच्या घराभोवती ५० मीटरपर्यंतचं गवत-झुडूप उन्हाळ्याआधी काढण्याची जबाबदारी मालकाची. मुदत साधारण एप्रिलअखेर असते, कधी वाढवतात. भाड्याने राहत असाल तर हे काम कोणाचं ते करारातच लिहून घ्या. कापलेलं गवत मात्र फेकू नका, बी धरायच्या आत कापलं असेल तर टोमॅटोखाली अंथरायला पेंढ्याइतकंच चांगलं.