एका प्रकाशनाखाली अनेक न्यूजलेटर: यादी एकच, निवड वाचकाची

एका प्रकाशनातून दोन-तीन वेगळ्या विषयांवर मेल जाऊ लागले की प्रत्येकासाठी नवं खातं उघडावंसं वाटतं. तसं करू नका. नवं खातं म्हणजे नवी यादी, आणि तोच वाचक दोन याद्यांत दोनदा राहतो. त्याने पत्ता बदलला की दोन्हीकडे बदलावा लागतो, आणि एकीकडे तो हमखास राहून जातो. मेलचिंप या मेल पाठवण्याच्या सेवेत तर एकच पत्ता दोन ऑडियन्समध्ये (तिथल्या याद्यांमध्ये) असला की तो दोनदा मोजला जातो आणि बिलही त्याच हिशेबाने येतं. म्हणून यादी एकच ठेवावी आणि कोणाला काय हवं याची नोंद तिच्यातच असावी.

त्याआधी, नवं न्यूजलेटर खरंच हवं आहे का ते बघा. विषय वेगळा असला म्हणजे न्यूजलेटर वेगळं हवंच असं नाही. कित्येकदा टॅग, म्हणजे लेखाला लावलेली विषयाची खूण, पुरतो. टॅगमुळे साइटवरचे लेख नीट लागतात, पण मेल कोणाला जातो त्यात काही बदलत नाही. ते बदलायचं असेल तरच वेगळं न्यूजलेटर काढा. ‘हे हवं, पण ते नको’ असं म्हणणारे वाचक तुमच्याकडे आहेत का, हा प्रश्न विचारा. आमच्या मते विषयापेक्षा वारंवारता हे वेगळं करण्याचं जास्त सबळ कारण आहे: रोजची टिपणं आणि महिन्यातून एकदा येणारा दीर्घ लेख एकाच दारातून पाठवू नयेत. सुरुवातीला दोन, फार तर तीन.

सेटिंग्ज उघडण्याआधी प्रत्येक न्यूजलेटरसाठी कागदावर सहा गोष्टी लिहा: नाव, कोणासाठी आहे ते एका ओळीत, कोणत्या दिवशी जाणार, मोफत की सशुल्क, पाठवणाऱ्याचं नाव काय दिसणार, आणि वाचकाने उत्तर दिलं तर ते कोणाकडे येणार. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग उत्तरं कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडून राहतात.

मांडणी साधनागणिक बदलते. सबस्टॅक या न्यूजलेटर सेवेवर यासाठी ‘सेक्शन’ (प्रकाशनातले वेगळे विभाग) असतात. पोस्ट एका वेळी एकाच सेक्शनमध्ये बसते, त्यामुळे प्रकाशित करण्याआधी ते निवडलंय याची खात्री करा; चुकीच्या सेक्शनमधून गेलेला मेल परत बोलावता येत नाही. सशुल्क वर्गणी पूर्ण प्रकाशनाची असते. एकाच सेक्शनची वेगळी किंमत लावायची असेल तर ही रचना उपयोगाची नाही. घोस्ट या प्रकाशनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 2022 च्या 5.0 आवृत्तीपासून एका साइटवर अनेक न्यूजलेटर चालवता येतात. तिथे पोस्ट मेलने एकदाच आणि एकाच न्यूजलेटरला जाते. मेलचिंपमध्ये वाचक स्वतः निवडतो त्यासाठी ग्रुप (वाचकाने निवडायचे पर्याय) वापरा; तिथले टॅग लेखांना नव्हे, वाचकांना लागतात, ते तुमच्या अंतर्गत खुणांसाठी राहू द्या.

आता सगळ्यात नाजूक निर्णय: जुन्या वाचकांना नव्या न्यूजलेटरमध्ये आपोआप घालायचं का? घोस्टमध्ये नवं न्यूजलेटर बनवताना त्यासाठी एक बटण असतं. ते बंद ठेवा. वाचकाने एका गोष्टीला होकार दिला होता, दुसरी त्याने मागितलेली नाही. मागितल्याविना आलेल्या मेलवर लोक अनसबस्क्राइब शोधत बसत नाहीत, सरळ ‘स्पॅम’ दाबतात. जीमेलच्या नियमांनुसार तक्रारींचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली असावं आणि 0.3 टक्क्यांपर्यंत कधीच जाऊ नये. म्हणजे इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या तरी धोक्याची रेषा गाठली. सगळी न्यूजलेटर एकाच डोमेनवरून (मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) जात असतील तर नव्याच्या तक्रारींनी जुन्याचेही मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात. त्यापेक्षा जुन्या न्यूजलेटरमध्ये दोन अंक सलग, वरच्या भागात, नव्याची ओळख आणि सामील होण्याची लिंक द्या. यादी लहान राहील, पण ती खरी असेल.

बाहेर पडण्याची वाटही तितकीच स्पष्ट हवी. तळाशी दोन लिंक ठेवा: ‘फक्त हे थांबवा’ आणि ‘सगळंच थांबवा’. मेलचिंपची नेहमीची अनसबस्क्राइब लिंक वाचकाला पूर्ण ऑडियन्समधून काढते, म्हणून आवडीनिवडी बदलण्याची लिंक तिच्या आधी द्या. 2024 पासून जीमेल खात्यांना दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना प्रचाराच्या व वर्गणीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब देणं बंधनकारक आहे, आणि विनंती दोन दिवसांत अमलात यायला हवी. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसणारं ते बटण वाचकाला एका न्यूजलेटरमधून काढतं की सगळ्यांतून, हे स्वतः दाबून बघा.

याच तळाच्या लिंक कधीकधी दिसतच नाहीत. जीमेल साधारण 102 केबीपुढचा मेल कापतं आणि कापला जातो तो शेवट. हा आकार एचटीएमएलचा (मेलच्या मजकुरामागच्या कोडचा), चित्रांचा नव्हे. अंक मोठा झाला की मेलमध्ये सुरुवात द्या आणि उरलेला लेख साइटवर ठेवा.

पाठवणाऱ्याच्या नावात न्यूजलेटरचं नाव आधी, प्रकाशनाचं नंतर. मोबाइलवर नाव अर्ध्यात तुटतं; प्रकाशनाचं नाव आधी असेल तर सगळी न्यूजलेटर सारखीच दिसतात. मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पडताळू देणाऱ्या डोमेनवरच्या नोंदी, म्हणजे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, तिन्ही लावलेल्या हव्यात. दुसरी मेल सेवा जोडताना एसपीएफची दुसरी नोंद टाकू नका. एका डोमेनला एकच चालते, दोन झाल्या की तपासणीच फसते. नवी सेवा जुन्याच नोंदीत घाला, आणि त्या नोंदीतून होणाऱ्या डीएनएस (डोमेनच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) चौकशा दहाच्या आत ठेवा.

वेळापत्रक सगळ्यांचं मिळून एकच असू द्या, म्हणजे एकाच सकाळी दोन मेल एकाच वाचकावर आदळणार नाहीत.

आकडे बघताना प्रत्येक न्यूजलेटर त्याच्या स्वतःच्या वाचकसंख्येशी ताडा, पूर्ण यादीशी नव्हे. मेल उघडल्याच्या टक्केवारीवर फार विसंबू नका. सप्टेंबर 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये, गोपनीयतेची सोय चालू असेल तर, चित्रं आधीच उतरवली जातात, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. क्लिक, उत्तरं आणि सोडून गेलेले वाचक जास्त खरं सांगतात.

पहिला अंक पाठवण्याआधी चार पत्ते तयार करा: फक्त पहिल्या न्यूजलेटरचा, फक्त दुसऱ्याचा, दोन्हींचा, आणि दोन्ही सोडलेला. दोन्ही न्यूजलेटरमधून एकेक चाचणी पोस्ट पाठवा. मग तिसऱ्या पत्त्यावरून एक न्यूजलेटर थांबवा आणि पुन्हा पाठवा: दुसरं येत राहिलं पाहिजे. चौथ्या पत्त्यावर दोन्ही वेळा काहीच आलेलं नसावं.