सहा जणांचं टेबल मिळेना, तेव्हा…

सिंगापूरहून पेनांग, फुकेत अशी चार रात्रींची क्रूझ. आम्ही सहा जण, दोन केबिन. बाबांची पंचाहत्तरी होती, म्हणून एक संध्याकाळ बोटीवरच्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये घालवायची ठरवली. तिथे वेगळे पैसे पडतात. मुख्य डायनिंग रूम आणि बुफे तिकिटातच असतात.

निघण्याच्या तीन आठवडे आधी वेबसाइट उघडली, तर चारही रात्री 'उपलब्ध नाही'. मी तर आशाच सोडली होती. सहज म्हणून माणसं सहाऐवजी दोन केली आणि पहिल्या रात्रीचे ७:१५ दिसायला लागले! चार टाकल्यावर ७:३०. म्हणजे टेबलं होती, मोठं टेबल नव्हतं. दोन्ही केबिनचे बुकिंग नंबरही वेगळे, त्यामुळे एका लॉगिनमधून सगळ्यांची नावं येईनात. मग बायकोच्या लॉगिनवरून दोघांचं टेबल, माझ्यावरून चौघांचं. पैसे लगेच कापले गेले, ते जरा खुपलं.

बोटीवर चढल्यावर सगळे बुफेकडे पळाले, मी सामान केबिनबाहेर टाकून थेट रेस्टॉरंटच्या दाराशी. तिथल्या बाईंनी आयपॅडवर दोन्ही नावं पाहिली, खिडकीजवळची दोन टेबलं जोडू म्हणाल्या, वेळ ७:३०. आईला कांदा-लसूण चालत नाही, तेही तेव्हाच लिहून घेतलं.

त्या रात्री अर्धं रेस्टॉरंट रिकामं होतं. वेबसाइटला कोण सांगणार! बाबांनी तिरामिसू दोनदा मागवलं.