पीएसओ ड्युटीला नवीन लागलात? होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) घेताना मी काय बघते

पीएसओची, म्हणजे व्हीआयपींच्या अंगरक्षकाची, ड्युटी लागली की पहिल्याच आठवड्यात नवीन मुलं-मुली एकच विचारतात, ताई, असा एकच होल्स्टर सांगा जो वर्दीवरही चालेल, सिव्हिलमध्येही, म्हणजे साध्या कपड्यांतही, चालेल आणि गाडीत तासन्‌तास बसलं तरी टोचणार नाही. इंदूरमध्ये ही ड्युटी करता करता मला ११ वर्षं झाली, म्हणून नीट लिहूनच टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. 'सगळीकडे चालेल' याचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे कुठलंही पिस्तूल त्यात बसेल, दुसरा म्हणजे तुमचं एकच पिस्तूल कंबरेवर, खाली मांडीकडे, सरळ, तिरकं, हवं तसं लावता येईल. पहिला नको, दुसरा हवा. आपलं ९ एमएम १ए पिस्तूल हे ब्राउनिंगच्या डिझाइनचं, १३ गोळ्यांचं, भरलं की किलोच्या पुढे जातं, आणि ग्लॉक १७ या पिस्तुलाचा आकार अगदीच वेगळा, त्यामुळे एकाचा होल्स्टर दुसऱ्याला नीट बसेल हे विसरा.

मी सुरुवातीला तोच घोटाळा केला होता. पोलीस लाइनजवळच्या दुकानातून नायलॉनचा 'युनिव्हर्सल' घेतला, हलका, स्वस्त, छान वाटला. फायरिंग रेंजवर पिस्तूल बाहेर काढलं की होल्स्टरचं तोंड मिटायचं, मग परत ठेवताना मी डाव्या हाताच्या बोटांनी ते उघडून धरायचे आणि उजव्या हाताने पिस्तूल आत सरकवायचे, म्हणजे नळी दर वेळी माझ्याच बोटांवरून जायची आणि माझ्या ते लक्षातही येत नव्हतं. आमच्या उस्तादांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, एक दिवस माझं मनगट तिथंच धरलं, काही बोलले नाहीत, फक्त नळी कुठे आहे ते डोळ्यांनी दाखवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहतं का आणि एका हाताने परत ठेवता येतं का, हे मी सगळ्यात आधी बघते. त्यानंतर ट्रिगर. ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, पूर्ण झाकलेला हवा आणि तोही कडक मटेरियलने, बाहेरून दाबलं तर आत ट्रिगर दबता कामा नये.

कायडेक्स म्हणजे गरम करून पिस्तुलाच्या आकारावर बसवलेलं प्लास्टिक, माझी पसंती त्यालाच. मागची पट्टी बदलता येते, बेल्ट लूप, पॅडल (पँटमध्ये खोचायची रुंद पट्टी), मांडीचा प्लॅटफॉर्म, आणि स्क्रूने तिरकेपणा बदलता येतो. हे स्क्रू मात्र गाडीच्या हादऱ्यांनी ढिले होतात, थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू घट्ट धरणाऱ्या गोंदाचा, थेंब टाका आणि दर आठवड्याला हात लावून बघा. लेदर अंगाला मऊ लागतं, पण रंगपंचमीला राजवाड्यावर गेरची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, ड्युटी एकदा करा म्हणजे कळेल, टँकरचं पाणी, गुलाल, सगळं लेदर पिऊन घेतं आणि त्यात पिस्तूल तसंच राहिलं तर गंज धरतो. कोरडं असलं तरी लेदरमध्ये पिस्तूल कायमचं ठेवू नका.

गेरच्या गर्दीत चारी बाजूंनी अंगं घासतात, मागून कोणाचा हात कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून वर्दीवर लॉक हवंच, अंगठ्याने उघडणारं. तर्जनीने बटण दाबायचं लॉक मला पटत नाही, कारण घाईत तेच बोट दाबत दाबत ट्रिगरवर उतरू शकतं.

मुलींसाठी वेगळं सांगते कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आपला बेल्ट कंबरेच्या वळणावर बसतो, त्यामुळे पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसते आणि पिस्तूल काढताना कोपर खांद्यापर्यंत वर न्यावं लागतं. थोडा खाली उतरलेला आणि शरीरापासून जरा बाहेर राहणारा माउंट घ्या, फरक पहिल्याच दिवशी कळेल. सिव्हिलमध्ये कुर्तीखाली लूपवाली पँट आणि दीड इंची कडक बेल्ट हवाच, सलवारीच्या नाडीवर किलोभर वजन पेलत नाही. आणि पिस्तूल परत ठेवताना कुर्तीचं टोक डाव्या हाताने पार वर धरा, बघा, मग ठेवा, कारण कापडाची घडी आत गेली तर ती ट्रिगर ओढू शकते.

गाडीत बसायचं असेल तर सीटबेल्टचं बक्कल आणि होल्स्टर एकाच बाजूला येतात का ते आधी बसून बघा. पुढच्या सीटवर डावीकडे बसणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाला बक्कल नेमकं पिस्तुलावरच येतं. मी आधी सीटबेल्ट लावते, मग कुर्ती त्याच्यावरून मागे सारते.

नवीन होल्स्टर आला की मॅगझिन काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग रिकामं पिस्तूल घालून, लॉक लावून, गादीवर उलटं धरून जोरात हलवा. नंतर घालून जिना चढा, खाली वाका, गाडीत चढा-उतरा, तासभर बसा. जिथे टोचतं तिथे आधी तिरकेपणा बदलून बघा, आणि तरी टोचलं तर तो दुकानदाराला परत करा.