क्लिअर कोटमध्ये धुळीचे कण: घरच्या गॅरेजमधला माझा अनुभव
गाडीच्या बॉनेटवर क्लिअर (रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर) मारला की ओला असतानाच त्यात धुळीचे कण बसायचे. तीनदा घासून पुन्हा मारला. अगदी रडकुंडीला आलो. गाडीभोवती आडोशाला लावलेलं प्लॅस्टिक बदललं, फरशी ओली केली, तरी तेच.

चूक पंख्याची होती. खिडकीतला एक्झॉस्ट पंखा आतली हवा बाहेर ओढायचा आणि शटरखालच्या फटीतून धूळ आत यायची.

आधी सगळ्या फटी टेपने बंद केल्या. मग खिडकीतला पंखा उलटा, हवा आत ढकलेल असा बसवला, बाहेरच्या तोंडाला फिल्टर. समोर शटरपाशी खाली हवा बाहेर जायला फिल्टर लावलेली एकच वाट ठेवली. प्लॅस्टिक बाहेर फुगलं की दाब बरोबर. अर्धा तास पंखा, मग ओली फरशी, शेवटी टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट कापड) फिरवून लगेच स्प्रे.

पंख्यातून आता बाहेरची हवा जाते, त्यामुळे त्याची मोटर थिनरच्या वाफेपासूनही वाचली. टू-के (दोन भाग मिसळून वापरायच्या) क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, तिथे कापडी मास्क अजिबात चालत नाही.