जुन्या वास्तूच्या बदलत्या वापराचा इतिहास कसा लिहावा

कोकणातील बहुतेक जुन्या गावांत आणि शहरांत एखादी तरी वास्तू अशी असते की जिथे आधी वाडा होता, मग कचेरी आली, पुढे शाळा भरली आणि आता कुलूप आहे. स्मरणिकांत अशा वास्तूंवर लेख येतात, पण ते बांधणाऱ्याचे नाव आणि साल देऊन थेट आजच्या पडझडीवर उडी मारतात, आणि मधली शंभर-दोनशे वर्षे गाळली जातात. ती मधली वर्षे कशी भरून काढावीत, हे समजण्यासाठी इटलीतील फ्लोरेन्स शहराचा बार्जेल्लो हा राजवाडा समोर ठेवणे उपयोगी पडते, कारण तिथे प्रत्येक नव्या वापराने आधीच्या वापरावर आपली खूण ठेवली आहे.

सुरुवात सालवारीने करावी, मात्र ती राजवटींची नसावी, वापराची असावी. बार्जेल्लोचे बांधकाम १२५५ मध्ये नगराच्या लोकपक्षाच्या कप्तानासाठी सुरू झाले. पुढे तिथे पोदेस्ता राहू लागला. हा मुख्य न्यायाधिकारी मुद्दाम परगावातून, थोड्या मुदतीसाठी आणला जाई, जेणेकरून तो बदलीवर आलेल्या कलेक्टरासारखा स्थानिक घराण्यांच्या भांडणांपासून अलिप्त राहील. १५७४ मध्ये मेदिची घराण्याच्या राजवटीत ही वास्तू पोलीसप्रमुखाकडे गेली, तिचा तुरुंग झाला आणि तो १८५९ पर्यंत चालला. १८६५ मध्ये तिथे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. एवढ्या चार-पाच ओळी मांडल्या की लगेच दिसते की तुरुंगाचा काळ पावणेतीनशे वर्षांहून अधिक आहे, आणि दोनातेल्लोची शिल्पे पाहायला जाणाऱ्या प्रवाशाच्या मनात मात्र तो जवळजवळ नसतो.

हीच रीत रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याला लावून पाहावी. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले, पण भाट्याच्या खाडीकडे पाहणारा हा राजवाडा तयार झाला तो १९१० मध्ये. १९१६ मध्ये राजा वारला आणि १९१९ मध्ये कुटुंब परत गेले. म्हणजे राजनिवास म्हणून या वास्तूचा वापर दहा वर्षेसुद्धा झाला नाही. नंतरच्या शंभर वर्षांत तिथे सरकारी कामकाज झाले, काही काळ तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले आणि पुढे संग्रहालय आले. माझ्या मते लेखातील जागा या प्रमाणाचा विचार करून वाटावी, आणि जिथे राजा नजरकैदेत होता तिथे केवळ वैभवाचे वर्णन करून थांबू नये.

यानंतर भिंती वाचाव्यात. तुरुंगाच्या काळात बार्जेल्लोतील मोठ्या दालनांचे मजले आणि आडभिंती घालून तुकडे करण्यात आले, आणि प्रार्थनागृहाच्या भिंतींवर चुन्याची सफेदी चढली. १८४० मध्ये ती सफेदी काढल्यावर खाली चित्रकार जोत्तोच्या नावाने ओळखले जाणारे भित्तिचित्र सापडले आणि त्यात कवी दांतेचा चेहरा दिसला. पण याच वास्तूत १८५९ नंतर वास्तुविशारद मात्सेई यांच्या देखरेखीखाली जो जीर्णोद्धार झाला, त्यात कोठड्या काढून टाकून मध्ययुगीन थाटाची नवी रंगसजावटही करण्यात आली. त्यामुळे आज प्राचीन वाटणारे काही रंगकाम प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाचे आहे. जीर्णोद्धार हाही एक वापरच असतो, हे आपल्याकडच्या नव्याने रंगवलेल्या वाड्यांपुढे उभे राहताना विशेष लक्षात ठेवावे.

कोकणात छपराच्या पुराव्यावर भिस्त ठेवू नये. इथल्या पावसात छप्पर पुन्हा पुन्हा बदलावेच लागते, आणि मंगलोरी कौलांचे उत्पादनच १८६५ च्या सुमारास सुरू झाल्यामुळे त्याआधीच्या घरावर ती दिसली तर छप्पर मागाहूनचे एवढेच सिद्ध होते. त्याऐवजी जोते पाहावे, जांभ्याच्या चिऱ्यांमधील सांधे चुन्याचे आहेत की सिमेंटचे ते पाहावे, बुजवलेली दारे-खिडक्या शोधाव्यात, पडवी कुठे बंद करून खोली केली आहे आणि ओटीवर कचेरीचे टेबल बसावे म्हणून कुठला खांब हलवला आहे, याची नोंद करावी. सफेदी मात्र स्वतः खरवडू नये. संरक्षित स्मारकात तो गुन्हा आहे आणि इतरत्रही त्याने कायमचे नुकसान होते.

कागदपत्रांत पहिली मिळकत पत्रिका आणि फेरफार मिळवावेत, पण त्यांतून मालकी कळते, वापर क्वचितच कळतो. वापर सापडतो तो भाडेपावत्यांत, घरपट्टीच्या आकारणीत, दुरुस्तीच्या खर्चात आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात. रत्नागिरी आणि सावंतवाडीचे १८८० चे गॅझेटियर अवश्य चाळावे, मात्र ते राज्यकर्त्याच्या नजरेने लिहिलेले आहे हे विसरू नये. मोडी कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावेत. अंदाजाने लावलेला अर्थ छापला गेला की तो पुसता येत नाही.

चित्रे आणि छायाचित्रे हा पुरावा बहुधा दुर्लक्षित राहतो. १४७८ च्या कटात ज्युलियानो मेदिचीचा खून करणाऱ्या बेर्नार्दो बारोन्चेल्लीला पुढच्या वर्षी बार्जेल्लोच्या खिडकीतून फाशी दिले, तेव्हा लिओनार्दो दा विंचीने लटकत्या देहाचे रेखाटन केले आणि बाजूला कपड्यांचे रंग लिहून ठेवले. आपल्याकडे हे काम शाळेच्या वर्गाचे फोटो आणि घरातील लग्नाचे अल्बम करतात. वधूवरांच्या मागे दिसणारा जिना, फळा किंवा कचेरीची पाटी तारखेसह हाती लागते. जुन्या शिपायाला, शिक्षिकेला किंवा पुजाऱ्याला भेटल्यावर ‘इतिहास सांगा’ असे म्हणू नये, कारण मग ते ऐकीव दंतकथा सांगतात; ‘आत कुठल्या दाराने जायचे, कुणाला आत सोडत नसत, मागच्या खोलीत काय ठेवले जाई’ असे विचारावे.

लिहिताना अप्रिय वापर झाकू नयेत. फ्लोरेन्स ज्यात मोडे त्या तोस्कानाच्या संस्थानाने १७८६ मध्ये देहदंड रद्द केला आणि छळाची साधने याच चौकात जाळली, हा बार्जेल्लोच्या इतिहासातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रसंग आहे. तुरुंगाचे प्रकरण गाळले असते तर तो उरलाच नसता. आपल्याकडे वाड्यात साथीच्या काळात रुग्ण ठेवले असतील, खंडाचे भात जबरीने मोजून घेतले गेले असेल किंवा एखाद्या जातीला ओटीवर पाय ठेवू दिला नसेल, तर तेही पुराव्यानिशी लिहावे.

शेवटी वास्तूचा एक साधा आराखडा काढून त्याच्या तितक्याच प्रती कराव्यात जितके वापराचे टप्पे आहेत, आणि प्रत्येक प्रतीत त्या काळी कोणत्या खोलीत काय होते ते भरावे. पुरावा ठाम असेल तिथे शाईने आणि केवळ सांगोवांगी असेल तिथे पेन्सिलीने लिहावे. एक संच गावच्या वाचनालयात द्यावा, आणि आपल्या दमट हवेत कागदाला वाळवी व बुरशी लवकर लागते म्हणून सर्व पाने पावसाळ्यापूर्वी स्कॅन करून घ्यावीत.